प्रवासाचे तास कोणाच्या खाती?

खरवई हे कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतले गाव. एके काळी येथे भाताची खाचरे होती. आज येथे औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्या आसपास इमारतींची दाटी झाली आहे. दिवस उजाडण्यापूर्वीच या परिसरात माणसांचे दोन प्रवाह सुरू होतात आणि एकमेकांना छेदून विरुद्ध दिशांना जातात. पहिला प्रवाह बदलापूर स्थानकाकडे निघालेला असतो. ठाणे, घाटकोपर, दादर, भायखळा, मशीद बंदर येथील कचेऱ्या, दुकाने, गोदामे आणि इस्पितळे यांत राबणारी ही माणसे. दुसरा प्रवाह कारखान्यांच्या फाटकांकडे येत असतो. जवळच्या पाड्यांतून, अंबरनाथ-उल्हासनगरच्या वस्त्यांतून, वांगणी-नेरळच्या बाजूने कामगार येतात. त्यांतील अनेकजण ठेकेदाराच्या हजेरीपटावरचे. कोणी पायी, कोणी सायकलीने, कोणी शेअर रिक्षात चालकाशेजारी अंग चोरून बसून पहिली पाळी गाठतो. पहिल्याचे तास दूरच्या कचेरीत मोजले जातात, दुसऱ्याचे फाटकावर. घरापासून फाटकापर्यंतचा काळ मात्र कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही.

हा काळ कामगाराचा स्वतःचा म्हणून धरला जातो. प्रत्यक्षात तो झोपेतून कापलेला असतो, मुलाबाळांच्या वाट्यातून काढलेला असतो. कामावर जायचे नसते तर एकही माणूस सकाळी सातच्या लोकलच्या दांडीला लोंबकळला नसता. जो काळ केवळ कामापायीच खर्ची पडतो, तो कामाच्या हिशेबात का येऊ नये? त्या कामाचा लाभ ज्याला होतो, त्याने त्याची किंमत का देऊ नये? कामगार चळवळीने पगार, बोनस, महागाई भत्ता आणि नोकरीची शाश्वती यांसाठी मोठे लढे दिले. प्रवासाच्या तासांचा प्रश्न मात्र तिने तितक्या नेटाने कधी मांडला नाही. तो आता मांडणे अटळ झाले आहे.

मागे वळून पाहिले म्हणजे या उपेक्षेचे कारण कळते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी त्यांना रविवारची सुटी मिळवून दिली, तेव्हा कामगार गिरणीच्या सावलीतच राहत होता. परळ, लालबाग, डिलाइल रोड, वरळी येथील चाळींतून निघालेला माणूस भोंगा ऐकून चालू लागे आणि पाळी सुरू होण्याआधी साच्यावर उभा राही. खोली दहा बाय बाराची, तिच्यात माणसे दाटीवाटीने राहत, आणि तरीही गिरणी हाकेच्या अंतरावर होती. कामाच्या तासांवर मर्यादा घालण्याचे लढे त्या काळात लढले गेले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याचे ४८ आणि दिवसाचे ९ तास ही मर्यादा घातली, तेव्हा फाटकाबाहेरचा काळ कामगाराच्या मालकीचा आहे, हे गृहीत धरले गेले. ते गृहीत त्या परिस्थितीत बऱ्याच अंशी खरे होते.

पुढे परिस्थिती बदलली, गृहीत तेच राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप संपला असे कोणी जाहीर केले नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने गिरण्यांच्या जमिनींचा काही भाग मोकळ्या मैदानांसाठी आणि काही भाग घरांसाठी राखला होता. २००१ मध्ये हा नियम बदलला आणि तो हिस्सा केवळ रिकाम्या पडलेल्या जमिनीपुरता मोजला जाऊ लागला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. जेथे साचे चालत तेथे मनोरे उभे राहिले, आणि त्या मनोऱ्यांत झाडू मारणारा, लिफ्ट चालवणारा, पहारा देणारा माणूस कल्याणच्या पलीकडे राहायला गेला. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती, ती २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेली. या वाढीमागे मुंबईतील जमिनीचा भाव आहे. त्या भावाने कष्टकऱ्याला रुळाच्या कडेकडेने दूर लोटले.

या प्रक्रियेचे शेवटचे टोक अलीकडेच दिसले. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने गिरणी कामगार व त्यांचे वारस यांच्यासाठी ८१ हजार घरे शेलू आणि वांगणी येथे योजिली. ही दोन्ही स्थानके बदलापूरच्याही पुढची. घर नाकारणाऱ्याचा हक्क संपेल, असे कलमही त्या निर्णयात होते. जुलै २०२५ मध्ये कामगार आझाद मैदानावर जमले आणि मुंबईतच घर हवे, अशी मागणी त्यांनी केली. त्यानंतर ते कलम काढून टाकण्याचे आश्वासन सरकारला द्यावे लागले. ज्या जमिनीवर तीन पिढ्यांनी घाम गाळला, त्या जमिनीपासून या कामगारांना सत्तर किलोमीटरांहून दूर नेणे हे सरकारच्या दृष्टीने पुनर्वसन होते. शेलूच्या घराची किंमत सरकारने रुपयांत सांगितली. रोज त्या घरातून कामावर जाण्यायेण्याची किंमत कोणत्याही परिपत्रकात आढळली नाही.

ही किंमत मोजणे अवघड नाही. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६७ किलोमीटर आहे. गाडीत दीड तासाच्या आसपास जातो. त्याआधी घरापासून स्थानकापर्यंतची रिक्षा किंवा पायपीट, गाडीची वाट, उतरल्यावर पुढची बस किंवा चालणे धरले, तर एका फेरीला दोन तास सहज लागतात. दोन्ही फेऱ्या मिळून चार. आठ तासांचे काम आणि अर्ध्या तासाची जेवणाची सुटी यांत हे चार तास मिळवले, म्हणजे कामगाराचा दिवस साडेबारा तासांचा होतो. वर्षाला २९० दिवस काम धरले तर प्रवासाचे ११६० तास होतात. आठ तासांचा एक दिवस या मापाने ते १४५ दिवस भरतात. वर्षात जवळपास पाच महिन्यांची ही वेठ आहे, आणि तिची नोंद कोणत्याही पगारपत्रकात नाही.

या वेठीत माणसे आपल्या परीने माणुसकी जपतात. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा दिली जाते. अंबरनाथचा माणूस बसायला मिळावे म्हणून आधी उलटा बदलापूरला जातो आणि तेथून बसून येतो. त्यात त्याचा आणखी वेळ जातो. डब्यात भजने होतात, वाढदिवस होतात, बायका रात्रीच्या जेवणाची भाजी निवडतात. वृत्तपत्रांना याचे मोठे कौतुक वाटते आणि मुंबईच्या चैतन्याचे गोडवे गायले जातात. भाजी गाडीत निवडावी लागते, कारण घरी पोचल्यावर ती निवडायला वेळ उरलेला नसतो, हे त्या कौतुकात विसरले जाते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातील स्त्रिया विनामोबदला घरकामात दिवसाला सुमारे पाच तास घालवतात. नोकरीचे आठ आणि प्रवासाचे चार तास यांवर घरकामाचा हा बोजा चढला, की स्त्रीला नोकरी सोडावी लागते किंवा घराजवळचे कमी पगाराचे काम पत्करावे लागते. त्याला मग तिची आवड म्हटले जाते.

वेतनाच्या हिशेबात प्रवास का नाही, याचे उत्तर किमान वेतनाच्या सूत्रातच सापडते. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजांवर आधारलेल्या किमान वेतनाचे निकष ठरवले. कामगाराच्या कुटुंबात उपभोगाचे तीन एकक धरायचे, प्रत्येकाला २७०० उष्मांकांचे अन्न, चौघांना मिळून वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक गृहनिर्माण योजनेतल्या किमान भाड्याइतके घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, करमणूक, वृद्धापकाळ यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. हे निकष भारतीय कामगार चळवळीची मोठी कमाई आहेत. पण त्यांत प्रवासाला स्वतंत्र स्थान नाही. तो ‘किरकोळ’ या शब्दात गाडला गेला आहे. त्यात तरतूद आहे ती औद्योगिक वसाहतीतल्या घराच्या भाड्याची. ती घरे पुरेशी बांधली गेलीच नाहीत. घर गेले, प्रवास आला, सूत्र मात्र जागचे हलले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेनेही प्रवासभत्ता वेतनाच्या व्याख्येतून वगळला आहे. मालकाने तो दिला तर कृपा, न दिला तर तक्रारीला जागा नाही.

हा प्रश्न एकट्या बदलापूरचा नाही. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग वगळून इतर कामे करणाऱ्या सुमारे २० कोटी लोकांना कामावर कसे जाता, हे विचारण्यात आले. सुमारे ३० टक्क्यांना प्रवास करावा लागत नव्हता. ते राहत्या जागीच काम करत होते. बाकीच्यांत सर्वांत मोठा गट पायी जाणाऱ्यांचा होता, एकूण संख्येच्या सुमारे २३ टक्के. सायकलीने सुमारे १३, स्कूटर-मोटारसायकलीने सुमारे १३, बसने सुमारे ११ आणि रेल्वेने साडेतीन टक्के लोक जात होते. मोटारीने जाणारे ३ टक्क्यांहून कमी होते. आपल्या शहरांचे रस्ते, पूल आणि वाहनतळ ज्यांच्यासाठी आखले जातात, ते शंभरात तीनही नव्हते. जे शंभरात छत्तीस होते, त्या पायी आणि सायकलीने जाणाऱ्यांसाठी बहुतेक शहरांत धड पदपथही नाही.

त्यानंतरच्या काळात दुचाकी झपाट्याने वाढल्या. २०११ मध्ये शंभरांतील २१ कुटुंबांकडे दुचाकी होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलेले दिसते. मोटार मात्र शंभरांतील सुमारे ८ कुटुंबांकडेच आहे. दुचाकीची ही वाढ समृद्धीचे लक्षण म्हणून दाखवली जाते. कारखाना गावाबाहेर गेला, बस बंद पडली किंवा वेळेवर येईनाशी झाली, पाळी रात्री सुटू लागली, की कामगार हप्त्यावर दुचाकी घेतो. ज्या सेवेची जबाबदारी सार्वजनिक होती, तिचे भांडवल, इंधन, दुरुस्ती आणि धोका हे चारही त्याच्या अंगावर येतात. त्या धोक्याचा आकडाही उपलब्ध आहे. २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतील सुमारे ७५ हजार दुचाकीवर होती.

सरकारचा पैसा कोणत्या प्रवाशाकडे वाहतो, हेही पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि त्याच वर्षी मुंबईचा सागरी किनारा रस्ता टप्प्याटप्प्याने वाहतुकीस देण्यात आला. दोन्ही मिळून ३० हजार कोटी रुपयांच्या घरात खर्च झाला. दोन्हींवर दुचाकी आणि तीनचाकी यांना बंदी घालण्यात आली. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा मूळ अंदाजच १ लाख ८ हजार कोटींचा होता. दुसरीकडे बदलापूरवरून जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोचला, आणि कल्याणच्या पुढे त्या मार्गावर उपनगरी गाड्या, पुण्याकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या व मालगाड्या या सर्वांना मिळून दोनच रूळमार्ग वाट्याला आले. मेल पुढे काढायची तर लोकल थांबवावी लागते. गाड्या वाढवायच्या म्हटले तर जागा नसते. कल्याण-बदलापूर तिसऱ्या व चौथ्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मार्च २०१९ मध्ये मिळाली. मार्ग अवघा १४ किलोमीटरचा. सहा वर्षे उलटली तरी त्यावरून गाडी धावली नव्हती.

गाड्या वाढत नाहीत, तेव्हा आहे त्या गाडीतूनच सामान्य माणसाला उतरवण्याचा प्रयोग होतो. १९ ऑगस्ट २०२२ पासून मध्य रेल्वेने दहा साध्या फेऱ्यांच्या जागी वातानुकूलित फेऱ्या सुरू केल्या. वातानुकूलित गाडीचा पास दुसऱ्या वर्गाच्या पासाच्या कितीतरी पट. गर्दीच्या वेळची एक साधी गाडी गेली, की तिच्यातले हजारो प्रवासी मागच्या गाडीत कोंबले जातात. कळव्यात आणि बदलापुरात प्रवासी उभे ठाकले, स्थानक अधिकाऱ्यांना घेराव पडला, आणि आठवड्याच्या आत, २५ ऑगस्टपासून, त्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. या लढ्यामागे मोठा पक्ष नव्हता, मोठा पुढारी नव्हता. थंड हवेला कोणाचा विरोधही नव्हता. आहे त्या फेऱ्या कायम ठेवून नवी फेरी वाढवा, एवढेच लोकांचे म्हणणे होते. ते न्याय्य होते आणि ते जिंकले.

जेथे ते जिंकत नाहीत, तेथे ते मरतात. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दिवसाला सरासरी सात. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्यामधील वळणावर विरुद्ध दिशांच्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. त्यांत किमान चौघांचा जीव गेला. मग दारे आपोआप बंद होणारे डबे आणण्याची घोषणा झाली. दार बंद व्हावे यासाठी आधी आतली माणसे दाराच्या आत मावली पाहिजेत, हा साधा हिशेब घोषणेत नव्हता. गाडीतून पडून मेलेल्याच्या वारसांना रेल्वे अधिनियमाखाली ८ लाख रुपये भरपाई मिळू शकते. पूल दूर आहे म्हणून रूळ ओलांडताना मेलेला अतिक्रमण करणारा ठरतो आणि त्याच्या घरी काहीच जात नाही.

खरवईच्या फाटकाकडे येणाऱ्या दुसऱ्या प्रवाहाची स्थिती आणखी बिकट आहे. रेल्वेच्या प्रवाशाला निदान पास आहे, संघटना आहे, वृत्तपत्रात जागा आहे. औद्योगिक वसाहतीतील ठेकेदारी कामगाराजवळ यांपैकी काहीच नाही. तो रिक्षाचे भाडे रोजच्या रोज रोखीने देतो. पाळी रात्री सुटली तर रिक्षावाला मागेल ते द्यायचे किंवा अंधारातून चालायचे. पाच मिनिटांचा उशीर झाला तर अर्धा खाडा पडतो. पाळी संपल्यावर माल उतरवायला तासभर थांबवले तर तो तास कोठेच मांडला जात नाही. मोठ्या कारखान्याच्या कायम कामगारांसाठी कंपनीची बस असते. त्याच कारखान्यात तेच काम करणारा ठेकेदारी कामगार त्या बसकडे पाहत पायी चालतो. एकाच फाटकातून आत जाणाऱ्या दोन कामगारांत मालकाने पाडलेली ही फट पगाराच्या फटीइतकीच खरी आहे.

अशा काळात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत आणि दुकानांतील ९ वरून १० तासांपर्यंत वाढवण्यास मान्यता दिली. आठवड्याचे एकूण तास तेच राहतील, जादा तासांचा दुप्पट मोबदला मिळेल आणि कामगाराची संमती घेतली जाईल, असा खुलासा करण्यात आला. ज्याची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे त्याची संमती म्हणजे काय, हे खरवईच्या कोणत्याही फाटकावर विचारून पाहावे. बारा तासांचे काम आणि चार तासांचा प्रवास मिळून सोळा तास झाले. उरलेल्या आठ तासांत स्वयंपाक, आंघोळ, संसार आणि झोप. लोखंड्यांच्या काळचा गिरणी कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत असे. सव्वाशे वर्षांच्या लढ्यानंतर त्याच्या पणतवाचा दिवस त्याहून लांब होणार असेल, तर प्रगती कोणाची झाली, हे विचारले पाहिजे.

या अंधारात न्यायालयाने एक तत्त्व मान्य केले आहे आणि ते चळवळीने हाती घेतले पाहिजे. धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलीने जाताना कारखान्यापासून काही किलोमीटरांवर अपघातात मरण पावला. तो कामावर पोचला नव्हता, म्हणून भरपाई नाही, असा विमा कंपनीचा पवित्रा होता. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध सिद्ध होत असेल, तर कामातलाच अपघात मानला पाहिजे. कर्मचारी राज्य विमा अधिनियमात हे तत्त्व २०१० मध्येच आले होते. सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आता आहे. कुटुंबाला न्यायासाठी २२ वर्षे थांबावे लागले, ही गोष्ट वेगळी. येथे ध्यानात घेण्याजोगे आहे ते तत्त्व. कामावर जाताना मेला तर कामगार कामावर होता, असे कायदा मानत असेल, तर जिवंतपणी रोज त्याच वाटेने जाणारा कामगार कामावर नसतो, हे कोणत्या न्यायाने?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की दूर राहणे ही कामगाराची निवड आहे. त्याला स्वस्त घर हवे होते. ज्याच्यापुढे झोपडी आणि बदलापूर एवढे दोनच पर्याय आहेत, त्याच्या बाबतीत निवड हा शब्द वापरणे हा अर्थशास्त्राचा विपर्यास आहे. दुसरा आक्षेप असा, की उपनगरी पास इतका स्वस्त आहे, की सरकार प्रवाशाला आधीच पोसत आहे. या आक्षेपाचे नीट उत्तर दिले पाहिजे. पास स्वस्त असल्यामुळेच मुंबईतील मालकाला ६७ किलोमीटरांवरून माणूस कमी पगारात मिळतो. पास महाग झाला तर एक तर पगार वाढवावा लागेल किंवा माणूस मिळणार नाही. रेल्वेच्या तुटीतून जी सूट दिली जाते, तिचा मोठा हिस्सा प्रवाशाच्या हातावरून घरंगळत मालकाच्या गल्ल्यात आणि जमीनदाराच्या भावात जमा होतो. पास स्वस्त राहिलाच पाहिजे. त्याचा भार उचलणाऱ्यांत लाभधारकाचे नाव लागले पाहिजे, एवढाच मुद्दा आहे.

हे अशक्य नाही. फ्रान्समध्ये १९७१ मध्ये पॅरिस परिसरासाठी आणि १९७३ पासून इतर शहरांसाठी मालकांवर वेतनखर्चाच्या प्रमाणात वाहतूक-पट्टी बसवण्यात आली. अकरा किंवा अधिक माणसे कामाला ठेवणारा प्रत्येक मालक ती भरतो आणि त्या पैशावर बस, ट्राम आणि रेल्वे चालतात. शिवाय कामगाराच्या पासाचा निम्मा खर्च मालकाला द्यावा लागतो. महाराष्ट्राला तर परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. दुष्काळी भागातील श्रमिकाला काम देण्यासाठी या राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. मुंबईच्या पगारदाराने रोजगार हमीचा भार उचलला आणि ती योजना पुढे देशाला मार्गदर्शक ठरली. शहरातील नोकरदाराने खेड्यातील मजुरासाठी जे केले, ते शहरातील मालकाने स्वतःच्या कामगारासाठी करावे, अशी मागणी कोणत्या तोंडाने नाकारली जाईल?

सार्वजनिक प्रवासाकडे समतेच्या दृष्टीने पाहण्याची परंपराही आपल्याकडे आहे. मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांची फोमची गादी आली, आणि त्याच वर्षी वर्गभेद नसलेली गीतांजली एक्सप्रेस मुंबई-हावडा मार्गावर धावू लागली. पहिल्या वर्गाची शोभा वाढवण्याआधी शेवटच्या वर्गाची पाठ वाचवावी, हा त्यामागचा विचार होता. दोन इंचांच्या त्या गादीत समाजवादाचे एक मोठे सूत्र सामावलेले आहे.

त्या सूत्राला धरून मागण्या स्पष्ट असाव्यात. किमान वेतनाच्या निकषांत प्रवासखर्चाला स्वतंत्र स्थान द्यावे. मुंबई महानगर प्रदेशातील मोठ्या मालकांवर वाहतूक-पट्टी बसवून ती उपनगरी रेल्वे आणि शहर बस यांनाच खर्ची घालावी. औद्योगिक वसाहतीत प्रत्येक पाळीला बस असावी आणि तीत कायम व ठेकेदारी असा भेद नसावा. कल्याण-बदलापूर मार्ग पूर्ण करून साध्या गाड्या वाढवाव्यात. सरकारी आणि गिरणीच्या जमिनींवर कष्टकऱ्यांसाठी भाड्याची घरे बांधावीत. बारा तासांच्या दिवसाचा प्रस्ताव मागे घ्यावा. आणि १ मार्च २०२७ हा संदर्भदिन असलेल्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन व अंतर यांबरोबर लागणारा वेळही विचारावा. २०११ मध्ये तो विचारला नव्हता, आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात पैसा ठेवला जात नाही.

सरकार मोजेल तेव्हा मोजेल. कार्यकर्त्यांनी आपली मोजणी आजच सुरू करावी. बदलापूर स्थानकाच्या पुलावर आणि खरवईच्या फाटकांवर वही-पेन्सिल घेऊन आठवडाभर उभे राहावे. घरून किती वाजता निघालात, किती वाजता पोचलात, किती पैसे गेले, पाळी केव्हा सुटेल, घरी केव्हा पोचाल, एवढे पाच प्रश्न विचारावेत. रेल्वेचा प्रवासी आणि फाटकावरचा ठेकेदारी कामगार हे एकाच पहाटे, एकाच रस्त्यावरून, एकमेकांकडे न पाहता जातात. त्या दोघांची उत्तरे एका वहीत शेजारी शेजारी लिहिली गेली, म्हणजे त्यांच्यातले परकेपण ओसरू लागेल. ती वही घेऊन कामगार आयुक्तांच्या आणि रेल्वेच्या दारात जाता येईल. १८९० मध्ये आठवड्याचा एक दिवस मागून मिळवला गेला. आता रोजचे चार तास मागायचे आहेत.